ओनीची माय

ओनीची माय आपलं तान्हं लेकरू घराबाहेर झोपवायची. हिवाळ्याच्या सकाळी आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या कानाला मफलर गुंडाळून उन्हाची वाट बघत बसलेल्या असायच्या, तेव्हा ही बाई बाबागाडी ओट्यावर आणायची, ओनीला दुपट्यात गुंडाळून तिच्यात ठेवायची, वर मच्छरदाणीचं कापड टाकायची आणि खुशाल आत निघून जायची. दार लोटलेलं, लेकरू बाहेर. पहिल्या दिवशी मी शाळेतून येताच गल्लीने मला घेरलं आणि विचारलं की, ही सावत्र आई आहे का. गल्लीत इंग्रजी येणारी मी एकटी मास्तरीण, त्यामुळे चौकशीचं काम माझ्याकडे आलं. तिने सांगितलं, आमच्याकडे सगळी लेकरं अशीच झोपतात, बर्फ पडत असला तरी. मोकळ्या हवेत झोप चांगली लागते. मी हे गल्लीला सांगितलं. कुणालाही पटलं नाही.

ते कुटुंब फिनलंडचं. वसमतच्या बाहेर उसाच्या चिपाडावर वीज करायचा एक नवा प्रकल्प उभा राहत होता. त्याच्या बॉयलरचं काम बघायला तिचा नवरा आलेला. आमच्या शेजारचं घर नव्या बांधणीचं, म्हणून कंपनीने तेच भाड्याने घेतलं. थोरली आयनो चार वर्षांची, ती आठवड्यात आयनू झाली. धाकटा ओनी जेमतेम बसायला लागलेला. बाईचं स्वतःचं नाव लांबलचक होतं आणि ते बरोबर म्हणायचा प्रयत्न मी सोडून कुणी केला नाही. लेकरावरून आईला हाक मारायची आमची रीत, त्या रीतीने ती ओनीची माय झाली. तिला ते आवडलंही असावं. एकदा भाजीवाल्याने नाव विचारलं तर तिने तेच सांगितलं.

तिची दुसरी खोड म्हणजे विचारणं. कुणाचंही लेकरू उचलायचं तर आधी ती उकिडवी बसायची, लेकराच्या डोळ्यांत बघायची आणि "घेऊ?" म्हणायची. लेकरू वर्षाचं का असेना. त्याने तोंड फिरवलं तर ती हसून उठायची आणि घ्यायची नाही. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. माझी सासू, जिला मी आत्या म्हणते, तिला तर हे फारच विचित्र वाटायचं. "लेकराला काय कळतंय? ते काय अर्जावर सही करून ऱ्हायलंय का?" असं आत्या म्हणायची. मीही हसायचे. पण माझ्या मनात कुठेतरी यायचं, लहानपणी मला कुणी असं विचारलं असतं तर मी किती जणांना नाही म्हटलं असतं.

आत्याचं आणि तिचं सूत जुळलं ते तेलामुळे. ओनी रात्री झोपायचा नाही. आत्या एक दिवस कोमट तेलाची वाटी घेऊनच तिच्या दारात उभी राहिली आणि खुणेने विचारलं, लावू का. होय, आत्याने विचारलं. ओनीची माय जरा घुटमळली आणि हो म्हणाली. त्या दिवसापासून रोज सकाळी आत्या पाय पसरून बसायची, ओनी तिच्या पायांवर, आणि ओनीची माय समोर मांडी घालून एखाद्या विद्यार्थिनीसारखी बघत बसायची. ती मराठी शिकली तीही तिथेच. त्यामुळे तिची मराठी पुस्तकातली नव्हती, आत्याची होती. "भाजी करून राहिले," "लई तकलीफ," "काहून रडतो रे," असं ती बोलायची आणि माझ्या शाळेतल्या बाया हे ऐकायला मुद्दाम घरी यायच्या.

गंमत एवढीच नव्हती. ती फार एकटी होती. नवरा उजाडता जायचा, दिवेलागणीनंतर यायचा. वीज गेली की ती लेकरांना घेऊन सर्वांत गार खोलीत फरशीवर बसायची. पाणी उकळून, गाळून, परत उकळून ठेवायची आणि तरी आयनूचं पोट बिघडायचं. आणखी एक दुःख होतं, ते तिने त्याच फरशीवर बसून मला एकटीलाच सांगितलं. आयनू गल्लीत इतकी रमली की घरात आईने तिच्या भाषेत काही विचारलं तर उत्तर मराठीत द्यायची. "मी माझ्या आईशी जे बोलले ते हिच्याशी बोलू शकत नाही," ती म्हणाली. मला तेव्हा ते कौतुकाचं रडगाणं वाटलं. आमची पोरगी इंग्रजीत बोलली असती तर आम्ही पेढे वाटले असते. आता पुण्याला माझी नात माझ्याशी हिंदीत बोलते, तेव्हा ती खोलीतली फरशी आठवते.

आता त्या दिवसाचं सांगते. थंडी सरत आली होती. आत्याच्या भावाचं शेत सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर आहे, तिथे हळद शिजवायला काढली होती. हळद शिजवायची म्हणजे बायकांचं निम्मं काम आणि निम्मी सहल. गल्लीतल्या चौघी-पाचजणी निघाल्या, जीप कोपऱ्यावर येऊन उभी होती. आत्या शेजारच्या ओट्यासमोरून गेली तर बाबागाडीत ओनी जागा होऊन कुरकुरत होता. आत्याने वाट पाहिली, कुणी बाहेर आलं नाही. आतून पाण्याचा आवाज येत होता. जीपवाला हॉर्न वाजवत होता. आत्याने लेकरू उचललं, दुपटं गुंडाळलं आणि जीपमध्ये जाऊन बसली.

तिने कुणाला सांगितलं नाही. यात लबाडी नव्हती, निष्काळजीपणाही नव्हता. आमच्या गल्लीत असं सांगायची पद्धतच नव्हती. लेकरू घरात नाही म्हणजे ते कुणाच्या तरी घरात आहे, एवढं धरून आम्ही सगळे वाढलो. माझी मोठी मुलगी एकदा शेजारणीबरोबर कळमनुरीच्या बाजाराला जाऊन आली होती आणि मला ते तिच्या हातातल्या नव्या बांगड्यांवरून कळलं होतं. तेलासाठी आत्याने एकदा विचारलं होतं, ओनीच्या मायने हो म्हटलं होतं. आत्याच्या हिशेबी तो होकार जन्माचा होता.

ओनीची माय बाहेर आली तेव्हा बाबागाडी रिकामी होती. तिचा आवाज तोवर गल्लीने कधी चढलेला ऐकला नव्हता. तो त्या दिवशी पार मुख्य रस्त्यापर्यंत गेला, असं नंतर सांगत होते. माणसं धावली. आणि धावून आलेल्यांनी तिला काय सांगितलं, तर घाबरू नका, असेल कुणाच्या तरी घरी. त्या समजुतीने ती वेडी व्हायची पाळी आली. लेकरू नाही आणि कुणालाही त्याचं काही वाटत नाही, असं तिला दिसत होतं. ती प्रत्येक घरात शिरली, पलंगाखाली वाकून बघितलं, हौदाची झाकणं उघडली. आयनू तिच्या मागे मागे, तिचा झगा धरून.

मला शाळेत निरोप आला आणि मी आले, तोवर पोलीस आले होते. सकाळी भंगारवाला गल्लीतून गेला होता, म्हणून पोरांनी त्या गरिबाला धरून आणून ओट्यावर बसवलं होतं. माझ्या डोक्यात लगेच आलं, आत्या कुठे आहे. आत्याचा फोन घरातच चार्जिंगला होता. शेतावर भावाच्या फोनला रेंज नव्हती. आमचे हे मोटारसायकल काढून निघाले. मी ओनीच्या मायला इंग्रजीत सांगितलं, बहुतेक माझ्या सासूने नेला असेल, तो सुखरूप असेल. तिने माझ्याकडे बघितलं. "बहुतेक?" ती म्हणाली.

ऊन कलायच्या सुमारास जीप आली. ह्यांची आणि तिची वाटेत चुकामूक झाली होती. आत्या हसत उतरली. ओनी तिच्या कडेवर, गालाला काळी तीट, अंगाला हळदीच्या वाफेचा वास, दोन्ही हातांची बोटं पिवळी, आणि पोटभर दूधभात खाऊन पेंगुळलेला. गर्दी आणि पोलीस बघून आत्याला आधी वाटलं, कुणी गेलं. ओनीच्या मायने लेकरू हिसकावून घेतलं नाही. हळू घेतलं, फरशीवर ठेवलं, सगळे कपडे काढून त्याचं अंग अन् अंग तपासलं. मग छातीशी धरून ती आत्यापुढे उभी राहिली.

"तुमी विचारलं न्हाई," ती म्हणाली.

"आपल्याच लेकराला काय इचारायचं, माय?" आत्या म्हणाली. अगदी सरळ मनाने म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं.

"तो माझा आहे."

आत्याचं तोंड एवढंसं झालं. पोलिसांनी तक्रार लिहायची का विचारलं. ओनीची माय नको म्हणाली. मग त्या भंगारवाल्याजवळ गेली, त्याला पाणी दिलं आणि त्याची माफी मागितली. आमच्यापैकी एकालाही ते सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या फाटकाला आतून कुलूप लागलं. बाबागाडी ओट्यावर यायची बंद झाली. आयनू फाटकाच्या गजांना धरून उभी राहायची आणि बाहेरच्या पोरींशी गजांतून खेळायची. तेलाची वाटी आमच्या फडताळात तशीच. मी मध्ये पडून बघितलं. ओनीची माय मला चहा द्यायची, पण सांगायची की आता मला कुणाच्या भरवशावर डोळा लागत नाही. अंघोळीला गेले तरी दोघांना न्हाणीत सोबत नेते. त्या बाईचे डोळे आत गेले होते. इकडे आत्या म्हणायची, मी चोर ठरले. मी दोघींची बाजू दोघींना सांगत राहिले आणि दोघींनाही मी पलीकडची वाटले. खरं सांगायचं तर मला दोघींचाही राग येत होता आणि दोघींचंही बरोबर वाटत होतं. असल्या वेळी शिकलेल्या माणसाचा काडीचा उपयोग होत नाही.

उन्हाळा चढला तशी ती लेकरांना घेऊन परत गेली. नवरा काम पुरं होईपर्यंत मागे राहिला. लेकरांसाठी घर मोडू नये म्हणून एवढ्या लांब आलेलं कुटुंब, ते लेकरांपायीच दोन देशांत वाटलं गेलं. गाडी दारात उभी होती तेव्हा सगळी गल्ली निरोपाला आली, आत्या आली नाही. ती देवघरात बसून राहिली. ओनीची माय गाडीत बसण्याआधी आमच्या दाराकडे बघत थोडी थांबली, पण आत आली नाही. मी कुणालाच ओढून आणलं नाही. आयनू मात्र गाडी वळेपर्यंत "आत्या, आत्या" करत होती.

त्यानंतर ती मला अधूनमधून फोन करायची. आत्याची चौकशी करायची, पण फोन तिला द्या असं कधी म्हणाली नाही. आत्याही कान देऊन ऐकायची आणि मला काही विचारायची नाही. नंतरच्या हिवाळ्यात एक दिवस तिचा फोन आला, आवाज बसलेला. तिला खूप ताप आला होता. सलग दोन दिवस पलंगावरून उठता आलं नाही. नवरा वसमतमध्ये, आई-वडील फार दूर. शेजारी चांगले होते, पण तिकडे बोलावल्याशिवाय कुणी येत नाही, आणि बोलावायचं तिला सुचलं नाही किंवा धीर झाला नाही. हे सगळं ती इंग्रजीत सांगत होती. मग मध्येच मराठीत म्हणाली, "तापात पडायच्या आधी मी दार उघडं ठेवलं. बर्फ आत येऊन राहिला. कुणी आलं न्हाई."

मी तिची समजूत घातली, औषधाचं विचारलं, काळजी घे म्हटलं आणि फोन ठेवला. मग आत्याला सगळं सांगितलं. आत्या शेंगा फोडत बसली होती. तिने हात थांबवला.

"मंग लेकरांनी काय खाल्लं?"

ते मला माहीत होतं, ओघात तिने सांगितलं होतं. आयनूने डबा काढून बिस्किटं खाल्ली आणि दुधात भिजवून ओनीलाही भरवली. आत्याने ते ऐकून घेतलं. पाच वर्षांची पोर, एवढंच पुटपुटली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "मला फोन लावायचा ना मंग."

मला राग आला. इतका वेळ दाबून ठेवलेला राग तो. मी म्हटलं, आत्या, एवढ्या लांबून तुम्ही काय करणार होता, जीपमध्ये बसून जाणार होता का.

आत्याने शेंगांची टोपली बाजूला सारली. "त्या फोनात तोंड दिसतं न्हाई का? तो लेकरांपुढं ठेवला असता तर बसले असते त्यांच्यासंग बोलत. रडली असती तर समजावलं असतं, पडली असती तर हाक मारून त्यांच्या मायला उठवलं असतं. घडीभर तिचा डोळा तरी लागला असता."

मी तोच नंबर परत लावला आणि फोन आत्याच्या हातात दिला.