आमच्या विहारातला 'सर्वानुमते' ठराव

मागच्या रविवारी वाटूरला आमच्या विहाराच्या कमिटीची मीटिंग होती. त्यात मी रजिस्टरमध्ये खाडाखोड केली... सहा वर्षांत पहिल्यांदाच.

मी कमिटीची सचिव आहे. कर्तबगारी काही नाही, अक्षर चांगलं आहे म्हणून. अध्यक्ष आमचे थोरले दीर, त्यांना सगळं गाव दादा म्हणतं. पद्धत अशी की दादा आदल्या दिवशी ठराव सांगतात आणि मी तो लिहून ठेवते. सूचक, अनुमोदक, शेवटी 'सर्वानुमते मंजूर'. मीटिंगमध्ये हात वर होतात, सह्या होतात, चहा येतो.

या वेळचा ठराव होता विहाराला चारी बाजूंनी भिंत बांधायचा. नवीन फरशी बसवलीय आणि शेळ्या येऊन घाण करतात, तेव्हा दादांचं म्हणणं चूक नव्हतं. पण विहाराच्या मागे सहा मुस्लिम घरं आहेत आणि त्यांची रोजची वाट विहाराच्याच अंगणातून जाते. भिंत झाली की तिथल्या पोरींना शाळेसाठी हायवेवरून वळसा. सलमा माझ्या शेजारची म्हणावी अशीच, तिच्या दोन मुली त्याच वाटेने जातात.

मला हे माहीत होतं... तरी मी लिहिलं होतं. दादांसमोर बोलायची हिंमत नव्हती, खोटं कशाला सांगू.

त्या दिवशी सोबत हेलन मॅडम होत्या. मी जालना एमआयडीसीत बियाण्यांच्या लॅबमध्ये कामाला आहे, तिथे त्या दोन महिने ट्रेनिंग द्यायला इंग्लंडहून आल्यात. वय सत्तरीच्या आसपास. विहार बघायचा म्हणाल्या, म्हणून घेऊन आले.

त्या क्वेकर आहेत. मी तर हा शब्दच पहिल्यांदा ऐकला. ख्रिश्चनांमधलाच एक पंथ, साडेतीनशे वर्षांहून जुना. पाद्री नाही, मूर्ती नाही, मेणबत्तीसुद्धा नाही. रविवारी सगळे एका खोलीत तासभर गप्प बसतात. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं तरच तो बोलतो, आणि त्यावर लगेच कुणी उत्तर देत नाही. प्रत्येक माणसात देवाचा उजेड असतो, म्हणून लहान-मोठा कुणी नाही असं ते मानतात. शपथ घेत नाहीत, कारण खरं रोजच बोलायचं असतं.

सुरुवातीच्या काळात मोठ्या माणसांपुढे, अगदी न्यायाधीशापुढेही टोपी काढायची नाही म्हणून त्यांचे लोक तुरुंगात गेले. हे ऐकून मला माझे पणजोबा आठवले. पाटलाच्या दारावरून जाताना त्यांना वहाणा हातात घ्याव्या लागायच्या.

रस्त्यात मॅडमनी विचारलं, आज काय ठरणार आहे? मी रजिस्टर उघडून अर्थ सांगितला, खाली आधीच लिहिलेल्या 'सर्वानुमते मंजूर'चासुद्धा. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, आमच्यात मतदान नसतं. सगळ्यांचं ऐकून, मध्ये शांत बसून, सगळ्यांना मिळून काय वाटतंय ते सचिव तिथल्या तिथे लिहितो आणि वाचून दाखवतो. मग विचारलं, तुमच्यात कुणाला पटलं नाही तर? मी म्हटलं, तसं कधी होत नाही. त्या म्हणाल्या, विचारता का पण?

मी रजिस्टर मिटून पिशवीत ठेवलं.

मीटिंगमध्ये दादांनी ठराव सांगितला आणि हात वर व्हायला लागले. माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, पाहुण्या आल्यात, त्यांच्या पद्धतीनं आधी थोडं शांत बसू."

झालं... सगळे उठून उभे राहिले, हात जोडून, माना खाली. मागून कुणीतरी हळूच विचारलं, "कोण वारलं?" आपल्याकडे शांतता म्हणजे श्रद्धांजलीच ना! मी सगळ्यांना परत बसवलं आणि समजावलं. कुणाला वाटलं तरच बोलायचं आणि दुसऱ्याने लगेच उत्तर द्यायचं नाही. दादांना ते आवडलं नव्हतं, पण पाहुण्यांसमोर गप्प राहिले.

पंखा फिरत होता. चार-पाच मिनिटं गेली असतील, पण मला फार वाटली. म्हटलं, आपली फजिती झाली.

मग बायकांच्या मागच्या रांगेतून चंद्रभागा आत्या बोलल्या. आत्या दादांची चुलती. सगळे आत्या म्हणतात म्हणून आत्या. इतक्या वर्षांत मीटिंगमध्ये त्यांना कुणी काही विचारलेलं मला आठवत नाही.

"मी लगीन होऊन आल्ते तवा गावच्या आडावर आपल्याला चढू देत नव्हते. सलमाच्या आजीनं तिच्या आंगणातल्या आडावर बोलावलं. म्हणली, ये, भर. याच वाटंनं घागर घेऊन जात व्हते मी. ती वाट तू बंद करून राह्यला."

एवढंच. दादांचे ओठ हलले... पण नियम होता, लगेच उत्तर द्यायचं नाही. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं, हे मला अजूनही वाटतं. ते खाली नव्या फरशीकडे बघत बसले.

बऱ्याच वेळाने म्हणाले, "मला हे ठाऊक न्हवतं, काकू." मग, "भित बांधू. मागं दार ठेवू. कुलूप न्हाई लावायचं. शेळ्यांपुरती कडी बास."

"कुणाचं काही?" मी विचारलं. खरंच विचारलं, आणि थांबले. कुणाचं काही नव्हतं.

मी तिथेच ठरावावर रेघ मारली, वर नवीन लिहिलं आणि वाचून दाखवलं. सूचक म्हणून दादांचं नाव होतं, ते खोडून आत्यांचं लिहायला त्यांनीच सांगितलं. आत्यांनी अंगठा दिला आणि शाई पुसत विचारलं, "माझं नाव लिव्हलं का बराबर?"

हेलन मॅडमना भाषा कळली नाही, पण त्या आत्यांचा हात धरून बसल्या होत्या. मॅडम, तुमचे आभार तेव्हा मानायचे राहून गेले.

जुन्या ठरावातला एकच शब्द मी खोडला नाही... 'सर्वानुमते'. सहा वर्षं तो मी घरीच लिहून आणत होते.