शुक्रवारची शाळा

त्या दोन माणसांचा राग मला अजून येतो. एक आमच्या शाळेचे अध्यक्ष, दुसरे सरकारी शाळेचे सदर, म्हणजे मुख्याध्यापक. एकमेकांचं तोंड बघत नव्हते, पण पोरांचं वाटोळं करताना दोघांचं एकमत.

निजामाचं राज्य होतं. बीदरच्या खासगी मराठी शाळेत मी गणित शिकवायचो. मिडलच्या परीक्षेत उर्दूचा पेपर सक्तीचा, त्यात आमची पोरं गटांगळ्या खायची. सरकारी शाळेत उर्दू पक्कं, पण भूमितीला धड मास्तर नव्हता. जिल्ह्यात पहिल्या नंबराला वजिफा मिळायचा. त्या शिष्यवृत्तीपायी दोन्ही शाळांत हाडवैर.

तिथले उर्दूचे मौलवीसाहेब एकदा बाजारात भेटले. म्हणाले, "मास्टरसाब, हमारे बच्च्यां को तुम हिसाब पढाओ, तुमारे बच्च्यां को मैं उर्दू पढातूं. किसका क्या जाता?"

शुक्रवारी दोन्हीकडं सुट्टी. सकाळपासून जुम्म्याच्या नमाजापर्यंत आमच्या शाळेच्या ओसरीवर दोन्हीकडची पोरं एका सतरंजीवर बसू लागली. त्या साली आमची सगळी पोरं उर्दूत पास झाली. वजिफा मात्र सरकारी शाळेतल्या टांगेवाल्याच्या पोराला मिळाला.

अध्यक्षांनी मला बोलावलं. "पहिला नंबर परक्याच्या ताटात वाढलात की!"

"आपली पोरं सगळी पास झाली, अप्पा."

"पास कोण इचारतंय? नंबर कुणाचा, तेवढं बोला."

ओसरी बंद झाली. तिकडं सदरांनी 'दुसऱ्या शाळेची पोरं का पास केली' असा मौलवीसाहेबांकडून जबाब घेतला आणि त्यांची लांब बदली करवली. जाताना त्यांनी आपली पुस्तकं आमच्या पोरांसाठी पाठवली. अध्यक्षांनी ती दारातूनच परत केली. मी बघत राहिलो.

पुढच्या साली आमची पोरं उर्दूत नापास झाली, त्यांची भूमितीत. वजिफा दोघांनाही नाही. सरकारी शाळेला मिळाला नाही, म्हणून आमचे अध्यक्ष शाळेत पेढे वाटायला लागले! तेवढ्यात कडगंची गावची एक बाई आली, उर्दूत नापास झालेल्या आमच्या एका पोराची आई. पोराला तिनं बीदरजवळ नौबादला भावाकडं ठेवून शिकवलं होतं.

"मास्तर, पोरगं रातध्याड वाचायलंतं की. ती शुक्रवारची शाळा कामून बंद केली?"

अध्यक्ष म्हणाले, "नशीब असतंय अक्का एकेकाचं."

माझं डोकं फिरलं. "नशीब न्हाई अक्का, ह्यांनी बंद केली. अन् मी भिऊन गप बसलो."

अध्यक्षांच्या हातातला पेढा तसाच राहिला. मी त्याच दिवशी राजीनामा दिला.

त्या पोराला वर्षभर घरी शिकवलं. माझं उर्दू कामापुरतं. मौलवीसाहेबांची सर माझ्या शिकवण्याला कुठून येणार? पोरगा पुन्हा उर्दूतच नापास झाला. मग मामानं त्याला अडत दुकानात मापाडी म्हणून लावलं. गणितात त्याच्या तोडीचं पोरगं मला पुन्हा भेटलं नाही.