याडीचे रुपये, माझी नाणी

माझी पहिली नेमणूक शिरड शहापूरच्या पुढं, सडकेपासून आत असलेल्या एका गावात झाली. आरोग्य उपकेंद्र म्हणजे गावाच्या टोकाला पत्र्याच्या दोन खोल्या, आणि दारापुढं शहाबादी फरशीचा ओटा. एका खोलीत औषधं आणि तपासणीचं टेबल, दुसरीत मी. हिंगोलीची, नुकताच नर्सचा कोर्स संपवलेली. गावातल्या बाया दुखलंखुपलं की यायच्या, गोळ्या पदराला बांधून न्यायच्या, दिवस राहिलेत का ते हळूच विचारायच्या. मी चहा पुढं केला की मात्र "आत्ताच घेऊन आले बाई" म्हणायच्या. पहिला महिनाभर मला ते खरंच वाटलं. आम्ही बौद्ध आहोत हे माझी ट्रंक गाडीतून उतरायच्या आधीच गावाला कळलेलं होतं.

ऊन कललं की उपकेंद्राकडं कुणी फिरकायचं नाही. मी एकटीपुरतं रांधायची, खायची, मग ट्रंकेतला पावडरचा डबा काढून ओट्यावर बसायची. त्यात वडिलांनी दिलेली नाणी होती. वडील रेल्वेत गँगमन होते. पगारात वेगळ्या चित्राचं, कोरं नाणं आलं की ते माझ्यासाठी बाजूला ठेवायचे. एखाद्यावर पुढाऱ्याचा चेहरा, एखाद्यावर गव्हाच्या लोंब्या. एक पिवळं, कमळाचं, वीस पैशाचं. त्यात सोनं असतं अशी तेव्हा आवई उठली होती आणि लोक ती नाणी वितळवून बघत. वडील म्हणायचे, "सोनं असो का नसो, तू खर्चू नको. जुनं झालं की मोल येतं." मला नोकरी लागायच्या आधीच्याच उन्हाळ्यात ते गेले. संध्याकाळी ती नाणी फरशीवर मांडली की घरात अजून कुणीतरी आहे असं वाटायचं.

त्याच ओट्यावर एक दिवस याडी आली. सडकेपलीकडं, दोन मैल पुढं, माळावर लमाणांचा तांडा होता. तिथली ही म्हातारी. विळ्यानं तळहात फाटला होता आणि वर हळद थापलेली. मी जखम धुतली, टाके घातले. तिनं हूं की चूं केलं नाही. झाल्यावर म्हणाली, "बाई, पानी दे."

मी तांब्या भरून दिला. तिनं तोंडाला लावून सगळा रिकामा केला आणि म्हणाली, "च्या न्हाई का?"

चुलीपुढं बसून चहा गाळताना माझे डोळे भरून आले, ते मी पदरानं पुसले. त्या गावात माझ्या हातचा चहा पिणारी ती पहिली. मलमपट्टीला ती रोज यायला लागली आणि जखम भरल्यावरही यायची थांबली नाही. तांड्यात आईला याडी म्हणतात. तिनंच मला तसं म्हणायला लावलं.

तिच्या गळ्यात चांदीच्या रुपयांचा हार होता, छातीवर पसरलेला. एका संध्याकाळी मी नाणी मांडून बसले असताना ती आली, माझ्याशेजारी टेकली आणि माझा एक रुपया उचलून तळहातावर झेलला.

"ह्याला वजनच न्हाई पोरी." मग तिनं तो फरशीवर टाकला. टक्क करून तो गडगडत गेला. "आवाज बी न्हाई."

"आवाज कशाला पाहिजे? दुकानात चालतो ना?"

तिनं हारातला एक रुपया नखानं वाजवला. नितळ, लांब आवाज आला. "ही रानी. हा राजा. अन् हे हाली, निजामाचं." चारमिनारचा शिक्का बोटांखाली घासून अर्धा गुळगुळीत झाला होता. हाली बंद होऊन सरकारी कलदार रुपया आला तेव्हा सगळ्यांनी आपले शिक्के बदलून घेतले, हिनं घेतले नाहीत. सासूनं घातलेला हार मोडायला ती तयार झाली नव्हती.

"पण याडी, तुझा हाली आता कुठंच चालत न्हाई. त्यानं काडेपेटी बी येत न्हाई."

"चालत न्हाई म्हनूनच तं राहिला," ती म्हणाली. "चालला असता तं कवाच गेला असता."

कुणाचं नाणं भारी यावरून आमची रोजच जुंपायला लागली. शेवटी बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी वसमतला गेलो आणि सराफाच्या गादीपुढं बसलो. सराफानं हार तराजूत घातला, एकेक रुपया उलटून पाहिला. राणीछाप चांगली चांदी, हाली थोडी हलकी आणि राजाचे शेवटचे काही रुपये निम्मेच चांदीचे, असं त्यानं सांगितलं. याडीचा चेहरा उतरला. ते निम्मे चांदीचे रुपये तिच्या नवऱ्यानं मागून हारात घातलेले होते, बैल विकून.

"समदे बराबर दिसतेत," ती पुटपुटली.

माझी नाणी सराफानं नुसती सरकवली. "ह्याचा च्या प्या बाई."

गादीवर नांदेडहून आलेला एक गृहस्थ बसला होता. त्याला जुनी नाणी जमवायचा छंद होता. तो याडीला म्हणाला, "आजी, ह्याला कड्या काहून लावल्या? कडी जोडायला डाग दिला की आमच्यासाठी नाणं गेलं. नुसती चांदी राहिली." आणि माझा पिवळा पैसा उन्हात धरून मला म्हणाला, "हे मात्र कोरं हाये. ठेवा. तुमच्या नातवंडांच्या काळात कुणी विचारलं तर विचारलं."

परतताना एस.टी.त याडी हाराच्या कड्या चाचपत बसली होती. मग एकदम हसायला लागली. "तुझं आज मोल न्हाई, माझं होतं ते कड्यायनं गेलं. दोघी बी कंगाल!" आम्ही इतक्या हसलो की कंडक्टर मागं वळून बघायला लागला. त्या नोकरीतला सुखाचा दिवस म्हटला की मला तोच आठवतो.

त्यानंतर दहा पैशाचं एक नवं नाणं निघालं. त्यावर त्रिकोणात नवरा, बायको आणि दोन लेकरं. कुटुंब नियोजनाचं माझं कामच होतं, म्हणून मी ते सगळ्या बायांना दाखवायची. याडीलाही दाखवलं. तिनं डोळ्यांजवळ नेऊन निरखलं.

"मला नऊ झाले," ती म्हणाली. "चार राहिले. हिला दोन झाले अन् दोनी राहिले का?"

देवीची लस, उकळलेलं पाणी, असं काहीतरी बोलता आलं असतं. तिनं नाणं माझ्या हातात परत ठेवलं आणि मेथीची भाजी कशी निवडायची ते सांगत बसली.

मग आणीबाणीचे दिवस आले. तालुक्याहून फर्मानं यायची, नसबंदीच्या अमुक इतक्या केसी पाहिजेत, नाहीतर पगार अडेल. जीप गावात शिरली की गडीमाणसं तुरीच्या रानात पळायची. तांड्यातले गडी तर झोपायलाही रानातच जायचे. मला जीपमध्ये बसवून वरिष्ठांनी विचारलं, तांड्यात कुणाची लेकरं किती. मी म्हणाले, मला माहीत नाही. त्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं आणि मला उतरवून दिलं. आठवडाभरानं याडीच्या धाकट्या मुलाला औंढ्याच्या रस्त्यावर, बैलगाडीतून उतरवून नेलं. तो परत आला तो वाकून चालत.

याडी यायची थांबली. मी बरेच दिवस वाट पाहिली, मग स्वतः तांड्यात गेले. मला बघून बाया घरात शिरल्या. दारं लागली. याडी एकटी बाहेर आली आणि अंगणातच उभी राहिली. बस म्हणाली नाही.

"मी न्हाई सांगितलं, याडी."

"ठाऊक हाये मला."

"मग काहून येत न्हाईस?"

ती मुलाच्या झोपडीकडं बघत म्हणाली, "तू ज्या रस्त्यानं येती, त्याच रस्त्यानं गाडी येती, पोरी. सुना मला इच्यारतेत, कुठं चालली. काय सांगू मी त्यायला?"

मी परत फिरले. त्या हिवाळ्यात दिवसदिवस माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही. गावातल्या बायाही आता गोळ्यांना येईनाशा झाल्या होत्या. कधीकधी मी रिकाम्या खोलीत, पुढं पेशंट असल्यासारखी, मोठ्यानं बोलून बघायची.

निवडणूक झाली, सरकार बदललं, जीप बंद झाली. उन्हाळ्यात एका दुपारी दारात याडीचा तोच मुलगा उभा होता. "बाई, बायकोचं पोट दुखून राहिलं. याडीनं बलावलं." त्याला नेलं तेव्हा बायकोला नुकतेच दिवस गेले होते.

मी पिशवी घेतली आणि त्याच्यामागं माळ चढले. बाळ आडवं होतं. हातानं वळवावं लागलं. सगळी दुपार गेली. मुलगी झाली. बराच वेळ रडली नाही, मग रडली. मुलगा बाहेर लिंबाखाली बसला होता. आवाज ऐकल्यावर त्यानं डोकं गुडघ्यात घातलं.

याडीनं माझे हात धुवायला पाणी घातलं, चहा दिला. मग गळ्यातल्या हाराची एक कडी दातानं फाकवून तिनं राणीछाप रुपया नातीच्या मुठीत ठेवला. मलाही काही ठेवावंसं वाटलं. मी पाकीट उघडलं. आत एकच रुपयाचं नाणं होतं. ते पुढं केलं तर याडीनं माझा हात धरून मागं सारला.

"राहू दे. थकली तू. त्यानं यष्टीत बसून घरी तरी जाशील."

तिच्या आवाजात राग नव्हता. माया होती का, ते मला आजही सांगता येत नाही. तिनं माझा हात मात्र लगेच सोडला नाही.

मी सडकेवर येऊन उभी राहिले. तांड्यातून पोचवायला कुणी आलं नाही. एस.टी. आली, कंडक्टरनं रुपया घेऊन गावच्या फाट्याचं तिकीट फाडलं, उरलेली मोड माझ्या हातात ठेवली. पुढच्या वर्षी माझी बदली कनेरगाव नाक्याला झाली. जाताना तांड्यात निरोप पाठवला होता. त्याचं उत्तर आलं नाही. नाक्यावर रात्रंदिवस गाड्या थांबायच्या, धाब्यावर माणसांची वर्दळ असायची. कुणी माझ्या ओट्याला टेकलं की मी आत जाऊन चहाला आधण ठेवायची. बाहेर येईपर्यंत बहुतेक वेळा त्यांची गाडी सुटलेली असायची.