लाभापासून मोजायचं

माझ्या आजाराचं नाव इतकं लांब होतं की नागपूरच्या दवाखान्यातून निघालेले बाबा ते यवतमाळपर्यंत कसंबसं धरून ठेवायचे आणि आर्णी येईतो विसरायचे. "पोरीच्या मासात आन् कातड्यात आग हाये," असं ते गावात सांगत. मी नऊ वर्षांची होते. पापण्या जांभळ्या, बोटांच्या सांध्यांवर लाल चट्टे, आणि जमिनीवरून उठायचं तर आधी दोन्ही हात टेकायचे.

दर दोन महिन्यांनी नागपूरला माझी परीक्षा असायची. हात वर धर, पाय उचल, न टेकता ऊठ. सगळ्याला गुण, बावन्नपैकी. पहिल्याच खेपेला बाबांनी विचारलं, "म्याडम, पास किती मार्काले असते?"

गुण चढले की गोळ्या उतरणार होत्या, आणि मला त्या उतरायला हव्याच होत्या. गोळ्यांनी माझं तोंड असं फुगलं होतं की वर्गात मला आलुबोंडा म्हणत. ती कापसाची पडती वर्षं होती. शहरातून कॅमेरे घेऊन लोक दुःख शोधत गावात यायचे. असाच एक आमच्या दारात आला, माझे गाल पाहिले आणि या घरी खाऊनपिऊन बरं दिसतंय असं समजून पुढच्या घरी गेला. बाबा दिवसभर हसत होते. मला मात्र राग आला. निदान फोटो तरी काढायचा!

दोन परीक्षांच्या मधे दर रविवारी घरी एक चाचणी करून वहीत लिहायची होती. उताणं झोपायचं, डोकं उचलायचं आणि किती सेकंद टिकतं ते मोजायचं. आमच्या घड्याळाला सेकंदकाटा नव्हता, म्हणून मोजणार बाबा. आता बाबा म्हणजे गावचे मापारी. खळ्यावर तुरीची रास कोणाचीही असो, पायली त्यांच्याच हातात. रास मोजताना पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, आणि दरेक आकडा पायली भरेपर्यंत लांबवतात. बाबांनी माझं डोकंही तसंच मोजलं. "लाभाऽऽ लाभ… दोनाऽऽ दोन…" चारापर्यंत माझी मान लटलट कापायला लागायची.

"बाबा, लवकर मोजा नं!"

"पायली तं भरू दे वं."

वही पाहून डॉक्टरीणबाई दचकल्या. "सहाच सेकंद? मागच्या वेळी इथे वीसच्या वर होती." बाबांनी मोजून दाखवलं. स्टॉपवॉच हातात धरून त्या ऐकत राहिल्या, मग पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "असंच मोजा. दर वेळी तुम्हीच, आणि याच चालीत. आकडा चढतो की उतरतो, एवढंच मला पाहायचंय."

म्हणजे माझी शिक्षा कायम झाली. मग मी चोरवाटा शोधल्या. वेण्यांचा गोळा करून मानेखाली दाबला, आईच्या लुगड्याची घडी सरकवून पाहिली. तुरीच्या राशीत खाली ओला माल कोणी दडवला हे ज्यांना नुसत्या हातानं कळायचं, त्यांच्यापुढे माझं काय चालणार? बाबा डोक्याखाली हात फिरवायचे, घडी काढून बाजूला ठेवायचे आणि परत लाभापासून सुरू करायचे.

तरी आकडा चढत गेला. दिवाळीपर्यंत चौदा झाले. एक गोळी कमी झाली आणि आरशात मला माझी हनुवटी भेटली.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी मी नेहमीसारखं डोकं उचललं. "लाभ, दोन, तीन, चार…" आकडे धडाधड पडू लागले. त्यांना हेल नव्हता. मी डोकं टेकलं तेव्हा बाबा म्हणाले, "चौदा!" आणि त्यांनी घाईनं वही ओढली.

मला आनंद व्हायला हवा होता. पण गेले आठ दिवस मी पुन्हा दोन्ही हात टेकून उठत होते आणि ते बाबांनी पाहिलं होतं. दोघंही बोललो नव्हतो. ज्यांच्या मापावर भावाभावांची भांडणं मिटायची, ते बाबा माझ्यासाठी खोटं मापत होते. मला फार भीती वाटली, आणि त्याहून जास्त त्यांची दया आली.

"बाबा, परत मोजा. लाभापासून."

"कायले वं? झालं नं आता."

"पायली भरली नाई."

चौदा खोडून बाबांनी घसा खाकरला आणि लाभ लांबवला. आवाज फाटला, पण चाल सोडली नाही. पाचाला माझी मान पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही नागपूर गाठलं. डॉक्टरीणबाईंनी पाचाचा आकडा पाहिला, मला पाणी प्यायला लावून गिळताना पाहिलं आणि म्हणाल्या, "वेळेवर आणलंत. अजून थांबला असता तर घास गिळणं कठीण झालं असतं." गोळ्या वाढल्या. होळीपर्यंत मी पुन्हा आलुबोंडा होणार हे नक्की झालं.

परतताना यवतमाळ आलं. बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पाच मार्कालेच पास झाली तू."