कांद्याच्या जाळीतला खरारा

गिरिजा गेल्याचा फोन आला तेव्हा मी राजारामपुरीतल्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजचं माप घेत होते. टेप त्या बाईच्या खांद्यावर आणि फोन माझ्या मानेत अडकवलेला. पलीकडून गिरिजाचा मुलगा विनायक म्हणाला, "मावशी, आई गेली," आणि त्याच्या मागे घोडी खिंकाळत होती, ते स्वच्छ ऐकू येत होतं. मी बाहीची लांबी पुन्हा मोजली, ती लगेच विसरले, आणि त्या बाईला उद्या या म्हणून शटर ओढलं. स्कूटरवर बसायचा धीर झाला नाही. रिक्षा केली आणि उचगावपर्यंत एकच विचार करत गेले की आता बिजलीचं काय होणार. मैत्रीण गेली आणि मी घोडीचा विचार करत होते. पण गिरिजाला ते अजिबात वावगं वाटलं नसतं. शेवटचे काही महिने तिलाही तोच एक घोर होता.

गिरिजा मूळची मुरगूडची, लिंगायत व्यापाऱ्याची मुलगी. तिचे अप्पा घोडीवर माल लादून आसपासच्या बाजारांना जायचे. पोरींनी घोडीवर बसायचं नाही असा घरातला दंडक होता, पण घोडी घासायला कुणाची ना नव्हती. त्यामुळे बाजारावरून अप्पा आले की खरारा गिरिजाच्या हातात यायचा. दातेरी चकतीनं गोल गोल घासून अंगातली धूळ आणि गळके केस वर काढायचे, मग ब्रशानं झाडायचे... हे काम तिच्या हातात लहानपणीच मुरलं. पुढे लग्न होऊन ती उचगावला आली आणि चाळीसएक वर्षं संसार, नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान, विनायकचं शिक्षण यात गेली. नवरा वारला, विनायक पुण्यात नोकरीला लागला, आणि एके दिवशी बाईसाहेबांनी रिकाम्या गोठ्यात घोडी आणून बांधली. शर्यतीच्या घोडागाडीला पळणारी, पुढचा पाय कायमचा दुखावलेली, कुणालाच नको असलेली. नाव बिजली आणि चाल लग्नातल्या म्हाताऱ्या आत्याची. भावकीत चर्चा झाली. या वयात बायका काशीला जातात, हिनं घोडी घेतली म्हणून लोक हसले. गिरिजा मला म्हणाली, "चल गं, ब्रश घ्यायला जायाचं हाय."

आमची मैत्री कॉलेजातली. दोघी एकाच बाकावर बसायचो. ती चिमणीएवढी आणि मी आडव्या हाडाची. माझे हात तर पहिल्यापासून असे की बांगड्यांच्या दुकानात भरणारी माझा हात हातात घेऊन उसासा टाकायची. "पैलवानाचा हात चुकून हिला लागलाय," हा गिरिजाचा आवडता विनोद आणि तो तिनं माझ्या लग्नातही केला. एवढ्या हाताची मी, पण घोड्याला मरणाची भिते. का ते विचारू नका, त्याला काही गोष्ट नाही. एवढं मोठं जनावर, आणि त्याच्या मनात काय आहे ते कळत नाही, एवढंच. त्यामुळे ती घोडी घासत असायची तेव्हा मी गोठ्याच्या पायरीवर चहाचा पेला घेऊन बसायचे. आमच्या सगळ्या गप्पा मी तिच्या पाठीकडे बघत मारल्या असं म्हणायला हरकत नाही.

तर ब्रश. जनावरांच्या साजाचं ते दुकान म्हणजे कासरे, म्होरक्या, घुंगरं आणि चामड्याचा वास. दुकानदारानं आधी लोखंडी खरारा पुढे टाकला. गिरिजानं तो बोटानं मागे सारला आणि ही काय भिंत आहे का खरवडायला असं विचारलं. पळणाऱ्या घोडीची कातडी पातळ, तिला रबरी खरारा हवा. मग ब्रशांची पाळी आली. कडक केसांचा धूळ उडवायला, मऊ केसांचा चकाकी आणायला. एकेक ब्रश ती आधी मनगटाच्या आतल्या बाजूवर आणि मग चक्क स्वतःच्या गालावरून फिरवायला लागली. दुकानातली माणसं बघायला लागली. शेवटी दुकानदारानं विचारलं, "वैनी, ब्रश घोडीला घ्यायचाय न्हवं? मग गालाला कशाला लावताय?"

"घोडीला बोलता येत न्हाय, म्हनून मी लावून बघतो," गिरिजा म्हणाली.

गालाची परीक्षा झाली की हाताची. ब्रशाच्या पाठीवर पट्टा असतो, त्यात हात घालायचा. तो ढिला असला तर ब्रश घसरतो, आवळ असला तर बोटं आखडतात आणि घासणारा वैतागून हात आवरता घेतो. गिरिजाचं म्हणणं असं, की केस घोडीच्या अंगाला बघायचे आणि पट्टा आपल्या हाताला बघायचा, दुसऱ्याच्या मापाचा ब्रश घेतला तर घोडी अर्धीच घासून होते. मी शिवणकाम करणारी, मला हे एका क्षणात पटलं. तिच्या हाताला बसणारा पट्टा शोधायला दुकानदाराला मागचा माळा उपसावा लागला, इतका तिचा हात लहान.

ब्रश आले, ठेवायचे कुठे हा प्रश्न राहिला, आणि इथं आमच्या गिरिजानं तो घोळ घातला जो फक्त आपल्याकडची गृहिणीच घालू शकते. तिनं माळ्यावरून सासूबाईंचं नाव कोरलेला दिवाळीच्या फराळाचा मोठा स्टीलचा डबा काढला, खरारा, ब्रश, आयाळीचा कंगवा, खूर साफ करायचा आकडा असं सगळं त्यात ओळीनं लावलं आणि झाकण गच्च बसवलं. मुंगी शिरणार नाही, असं मला अभिमानानं सांगितलं. मुंगी शिरलीच नाही. पावसाळा मात्र शिरला. ओले ब्रश त्या बंद डब्यात आंबले आणि बिजलीच्या पाठीवर गोल चट्टे उठले. जनावरांच्या डॉक्टरांनी ब्रश कुठे ठेवता विचारलं, हिनं डबा उघडून दाखवला, आणि जो वास आला त्यानं डॉक्टर दोन पावलं मागं सरले. "वैनी, ह्यात चकली राहती. ब्रशाला वारा लागतोय," एवढंच ते म्हणाले. पण गिरिजा त्या दिवशी जेवली नाही. मुक्या जनावराला आपल्या हातानं खाज लावली, हे तिला फार लागलं.

मग माझी कला पुढे आली. मी जाड कॅनव्हासची पिशवी शिवली, प्रत्येक वस्तूला वेगळा खिसा, वर पायपिंग, झकास. गिरिजानं ती गोठ्यात टांगली आणि बरेच दिवस काही बोलली नाही. ती गप्प राहिली की काहीतरी बिनसलंय हे मला माहीत होतं. शेवटी मीच पिशवी उलटी केली, तर खिशांच्या कोपऱ्यात केस आणि माती असं गच्च भरलेलं, की त्यात मेथी उगवली असती. त्यानंतर तिनं स्वयंपाकघरातली कांद्याची लोखंडी जाळी आणली आणि तुळईला टांगली. धूळ खाली गळते, वारा चहूबाजूंनी लागतो. ब्रश ठेवायचे ते केस खाली करून, म्हणजे पाणी निथळतं. पिशवीत कांदे गेले आणि फराळाच्या डब्यात बिजलीचा गूळ. इतकी वर्षं तीच सोय राहिली.

सकाळी ती जाळीतून ब्रश काढायची. चार हात मारले की ब्रश खराऱ्याच्या दातांवर घासून झटकायची, खर्र खर्र, टक. तो आवाज आला की बिजली मान खाली सोडायची आणि डोळे अर्धे मिटायची. त्या दोघींना बघून मला कधीकधी हेवा वाटायचा. कुणाचा, ते मलाही सांगता येणार नाही...

मागल्या वर्षी गिरिजाची किडनी बिघडली. हातापायांवर सूज यायला लागली. विनायक रजा काढून येऊन राहिला. गुणी मुलगा आहे, पण पुण्यातल्या फ्लॅटमध्ये घोडी कुठे बांधणार. ओळखीच्या एका वरातवाल्यानं बिजलीला मागणी घातली होती आणि विनायकला दुसरा मार्ग दिसत नव्हता. गिरिजाला तो पाय दिसत होता. डांबरी रस्ता, पाठीवर नवरदेव, कानाशी डीजे, आणि तो दुखरा पाय. पण मुलावर ओझं टाकायला ती तयार नव्हती. मलाही ती एका शब्दानं कधी म्हणाली नाही की तू बघ. मी भिते हे तिला ठाऊक होतं.

एकदा दुपारी तिनं मला त्या साजाच्या दुकानात पाठवलं. नवा मऊ ब्रश पाहिजे म्हणाली. तिथं पोचले तर हिचा व्हिडिओ कॉल. गालाला लावून बघ म्हणाली, मी लावला. मग म्हणाली, "आता तुजा हात घाल पट्ट्यात. बोटं अडकत्यात काय?"

"न्हाय."

"ढिला हुतोय?"

"न्हाय गं, बरोब्बर बसलाय."

"मग त्योच घे."

मला वाटलं, सुजलेल्या हाताला मोठा पट्टा लागत असेल आणि माझा हात मापाला बरा पडला. घरी आले तर तिनं ब्रशाला हातही लावला नाही. जाळीत ठेव, केस खाली कर, एवढंच. मी चिडले. मला उन्हातून पिटाळलंस आणि आता घालून बघायचंही नाही का म्हणाले. "बसतोय त्यो. मला ठाव हाय," ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली. तीच आमची शेवटची नीट भेट.

ती गेल्यावर काही दिवसांनी विनायकचा फोन आला. वरातवाले रविवारी घोडी न्यायला येणार होते. ब्रश तरी तिच्यासोबत नीट जावेत म्हणून मी आदल्या सकाळी गेले. बिजली कोपऱ्यात उभी होती, अंगावर धुळीचा थर, आयाळीत गवत. तिच्याकडे न बघता मी जाळी उतरवली आणि एकेक ब्रश साफ करायला घेतला. गिरिजाच्या जुन्या ब्रशात हात घातला तर बोटांच्या पेरांशीच अडकला. दुसराही तसाच. मग तो नवा घेतला, तसाच हात सरकवला... आणि तो बसला. सूज आलेल्या हातालाही एवढा मोठा पट्टा कधी लागला नसता. हे माप तिचं नव्हतंच. घासणाऱ्याच्या हाताला पट्टा बघायचा, हे मला तिनंच शिकवलं होतं, आणि दुकानात उभं करून तिनं माझं माप घेतलं होतं. आयुष्यभर लोकांची मापं घेणाऱ्या मला ते कळलं नाही.

मी रडले. रडता रडता हातातला ब्रश खराऱ्यावर घासला गेला, खर्र खर्र, टक. मागे खूर वाजले. वळून बघितलं तर बिजली लंगडत दाव्याच्या टोकापर्यंत आली होती आणि तिनं मान खाली सोडली होती. माझा हात पट्ट्यात घट्ट बसलेला होता, तो मी तिच्या खांद्यावर ठेवला. गरम होता खांदा. विनायक दारात येऊन उभा राहिला आणि मी काही म्हणायच्या आतच त्यानं खिशातून फोन काढून वरातवाल्याचा नंबर लावला.

आता दुकान उघडायच्या आधी मी स्कूटरवरून उचगावला जाते. विनायक पुण्याला परतलाय, वैरण शेजारीण टाकते, घासायचं काम माझं. मी अजूनही भिते. बिजलीनं शेपूट हलवली तरी दचकते, आणि ती मला सांभाळून घेते. काम झालं की ब्रश झटकून जाळीत ठेवते. गिरिजाचा तो लहान पट्ट्याचा ब्रशही तिथंच आहे. त्यात माझा हात शिरत नाही. तरी तो मी रोज काढते, झटकते आणि केस खाली करून पुन्हा ठेवते.