निळ्या दरवाजाच्या चौतीस किल्ल्या

रुग्णालयाच्या स्टोअरमध्ये सव्वीस वर्षं काढलेल्या बाईला कुणी भंगार सांभाळायला बसवावं, यासारखा दुसरा जाच नाही. ताईंना तो जाच गेली दोन वर्षं होत होता, आणि तोही कुठे, तर मोबाईलवरच्या खेळात!

खेळ असा की समुद्र, समुद्रात बेटं, आणि त्या बेटांवर हजारो माणसं एकाच वेळी आपापल्या फोनवरून हिंडतायत, मासे धरतायत, होड्या बांधतायत, एकमेकांची डोकी फोडतायत. आठ-दहा जणांनी मिळून टोळी करायची. टोळीचं एक सामायिक कोठार असतं आणि ते एकाच्या ताब्यात असतं. ताईंच्या टोळीत ते कुणाच्या ताब्यात होतं हे सांगायला नकोच. जी बाई दिवसभर सुया, कापूस, हातमोजे आणि चादरी मोजायची, ती संध्याकाळी सोफ्यावर बसून दोरखंड आणि शिडाचं कापड मोजायची. यजमान त्याला ‘तुझी भातुकली’ म्हणायचे. ते स्वतः खिडकीशी बसून डोळ्याला भिंग लावून लोकांची मनगटी घड्याळं उघडायचे, त्यामुळे त्यांनी कुणाला नावं ठेवायचं काही कारण नव्हतं.

कोठारात दोनशे नव्वद खण. त्यातल्या एकशे शहाऐंशी खणांत निव्वळ कचरा. विझके कंदील, तुटकी वल्ही, तीन हंगामांपूर्वीच्या शर्यतीची तिकिटं, जे बेट खेळातून केव्हाच काढून टाकलंय त्या बेटावर बर्फ खणायची कुदळ. आणि वर कडी म्हणजे निळ्या दरवाजाच्या किल्ल्या. तो दरवाजा खेळवाल्यांनी काढून टाकला त्याला दोन वर्षं झाली. दार नाही, आणि किल्ल्या चौतीस! बरं, या किल्ल्या एकावर एक रचता येत नाहीत. प्रत्येक महाराणीला स्वतंत्र खण लागतो.

हा सगळा आहेर एकाच माणसाचा. कोठाराच्या नोंदवहीत दर गुरुवारी एक-दोन ओळी पडायच्या: ‘धाकटा, विझका कंदील, जमा.’ पुढच्या गुरुवारी: ‘धाकटा, निळ्या दरवाजाची किल्ली, जमा.’ धाकटा यायचा, कचरा टाकायचा, कुणाशी अक्षर न बोलता निघून जायचा.

धाकटा म्हणजे ताईंचा सख्खा भाऊ. तो लांबच्या शहरात लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, आणि गुरुवार हा त्याचा सुट्टीचा दिवस. या खेळात ताईंना आणलं होतं त्यानेच. तेव्हा दोघं फोन कानाला लावून खेळायची आणि ताई ओरडायच्या, ‘अरे ते वल्हं कुठे नेतोस, नोंद कोण करणार?’ आता फोन नव्हता. सव्वादोन वर्षं झाली, दोघांत एक शब्द नव्हता.

ताई काय करायच्या? जागा संपली की दीडशे मासे धरायच्या. खेळाचा नियमच तसा होता, दीडशे मासे दिले की दहा खण वाढतात. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने खात दुसऱ्या हाताने बाई गळ टाकतायत, असं दृश्य स्टोअरमध्ये सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. औषधवाल्या बाईंनी एकदा विचारलं, ‘ताई, तो कचरा फेकून का देत नाही? जागाच जागा होईल.’ ताई म्हणाल्या, ‘तुम्ही तुमची औषधं बघा.’

आणि मग बुधवारी दुपारी खेळवाल्यांची सूचना आली. यापुढे कोठार वाढणार नाही. सगळ्या कालबाह्य वस्तू रविवारी संध्याकाळी सहाच्या आत काढाव्यात, नाहीतर कोठाराला महिनाभर कुलूप. सोयीसाठी खाली एक लाल बटण दिलं होतं: ‘सगळं वितळवा’.

‘घ्या!’ ताई म्हणाल्या.

गुरुवारी धाकट्याने आणखी एक किल्ली आणून टाकली. सूचना वाचली नसेल असं नाही, ती सगळ्यांच्या पडद्यावर टांगलेली होती. मुद्दाम! चौतीस होत्या, त्या पस्तीस झाल्या. ताईंनी फोन उशीवर आपटला.

टोळीचा म्होरक्या म्हणजे कप्तान, प्रत्यक्षात भूगोलाचे निवृत्त मास्तर. शुक्रवारपासून त्यांनी ताईंच्या मागे टुमणं लावलं. ‘ताई, एक बटण दाबायचंय फक्त.’ शनिवारी सकाळी, ‘ताई, माझं सोन्याचं होकायंत्र आत आहे.’ शनिवारी दुपारी, ‘ताई, तब्येत बरी आहे ना?’ रविवारी सकाळी त्यांनी नुसतं लाल बटणाचं चित्र पाठवलं.

‘दाबते की!’ ताई घरात मोठ्याने म्हणाल्या. ‘मला काय कुणाची भीती आहे? माझ्या स्टोअरमध्ये असा माल पंधरा दिवस राहिला नसता!’

‘मग दाब,’ यजमान भिंगातून नजर न काढता म्हणाले.

ताईंनी अंगठा नेला. बटणापासून करंगळीएवढ्या अंतरावर तो थांबला. एकदा नाही, चारदा. आणि प्रत्येक वेळी त्यांना स्वतःचाच असा संताप आला की विचारू नका.

त्याचं कारण होतं आईची खोली.

आई ताईंकडेच असायची, मागच्या खोलीत. ती गेली तेव्हा धाकट्याला सुट्टी मिळेना; त्याला यायला नऊ दिवस लागले. ताईंना ती भरलेली खोली बघवेना. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी कमरेला पदर खोचला आणि कामाला लागल्या. कपडे एका गाठोड्यात, औषधं परत, चष्मा दान, पलंग शेजारच्या इमारतीतल्या आजारी माणसाला, पत्रांचे गठ्ठे आणि जुनी कागदपत्रं रद्दीत. संध्याकाळी लादी पुसून झाली तेव्हा खोलीत खिडकीशिवाय काही नव्हतं. ताईंना त्या दिवसांत पहिल्यांदा झोप लागली. नवव्या दिवशी धाकटा आला, बूट न काढता सरळ मागच्या खोलीत गेला, आणि बराच वेळ दारात उभा राहिला. मग म्हणाला, ‘स्टोअर छान लावलंयस, ताई.’ संध्याकाळच्या गाडीने तो गेला. त्यानंतर एक फोन नाही.

ताईही कमी नव्हत्या. ‘नऊ दिवस मी एकटीने निस्तरलं ते कुणाला दिसलं नाही, रिकामी खोली तेवढी दिसली,’ असं म्हणून त्यांनीही फोन केला नाही. एकाने गाय मारली म्हणून दुसऱ्याने वासरू मारू नये म्हणतात, पण या घरात कुणी ऐकणारं असेल तर ना.

रविवारी दुपारी जेवणं झाली. सहाला चार तास उरले होते. यजमानांनी एक बारीक स्प्रिंग काढायला आपला खण उघडला. त्या खणावर आतल्या बाजूने पिवळी पडलेली चिठ्ठी होती: ‘विचारल्याशिवाय हात लावू नये.’ लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी ताईंनी त्यांचा स्प्रिंगांचा डबा कचरा समजून फेकला होता, तेव्हापासूनची.

‘माझ्या खणाला हात लावायच्या आधी विचारतेस ना?’ यजमान म्हणाले. ‘मग त्यालाही विचार. जीभ झिजत नाही.’

‘मी विचारू? मी? त्याने काय...’

‘अगं, तुमच्या स्टोअरात माल काढायच्या आधी तुम्ही काय करता?’

स्टोअरमध्ये काय करतात ते ताईंना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं. निकाली यादी करतात. अनुक्रमांक, वस्तू, जमा तारीख, शेरा. ज्या वॉर्डाने वस्तू ठेवली त्या वॉर्डाकडे यादी जाते, तिथली सिस्टर प्रत्येक ओळीपुढे ‘हवी’ किंवा ‘नको’ लिहून सही करते, आणि मगच माल हलतो. सव्वीस वर्षांत ताईंनी एक तडा गेलेलं बेडपॅनसुद्धा सहीशिवाय काढलं नव्हतं. पायमोडक्या स्टुलासाठी त्या तीन मजले चढून सही घेऊन आल्या होत्या.

आणि आईच्या खोलीची यादी?

ताई उठल्या. लांब वही काढली, पट्टीने चार रकाने आखले. मग एका हातात फोन धरून, कोठार खणाखणाने सरकवत, त्या लिहू लागल्या. विझका कंदील. तुटकं वल्हं. निळ्या दरवाजाची किल्ली. तुटकं वल्हं. निळ्या दरवाजाची किल्ली. निळ्या दरवाजाची किल्ली. हात दुखायला लागला. ‘काय म्हणावं या मेल्याला!’ असं त्या दर पानाला एकदा म्हणत होत्या. मध्येच एकदा डोळे भरून आले, तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि पेनला शिव्या घातल्या. सात पानं झाली. शेवटी सवयीने लिहिलं: ‘ठेवू की काढू, कळवावे.’ सात फोटो काढले आणि सव्वादोन वर्षं जिथे काही गेलं नव्हतं त्या नंबरवर पाठवून दिले.

चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. ताईंनी उचलला आणि म्हणाल्या, ‘हं.’

‘एकशे बारा क्रमांक दोनदा पडलाय,’ पलीकडून धाकटा म्हणाला.

‘शक्यच नाही.’

‘बघ.’

ताईंनी बघितलं. पडला होता. सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं, आणि मग मात्र त्यांचा बांध फुटला.

‘मग काय होणार! एकसारख्या किल्ल्या लिहून लिहून माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय? अरे, दार नाही, दार जिथे होतं ते बेट नाही, आणि पस्तीस किल्ल्या! त्या कुदळीने काय माझी कबर खणणार होतास? मी जेवणाच्या सुट्टीत मासे धरले, माहितीय? हजारांनी! अंगठा आखडलाय माझा! तो कप्तान माझं डोकं खातोय, आणि तू गुरुवारी येतोस, राजासारखा कचरा टाकतोस आणि जातोस! लाज वाटते का काही? लहानपणापासून तुझं हेच! पसारा तू घालायचास, आवरायचं मी!’

दहा मिनिटं हे चाललं. यजमानांनी भिंग काढून ठेवलं.

‘ऐकतोयस ना?’

‘ऐकतोय. बोल,’ धाकटा म्हणाला. ‘सव्वादोन वर्षं याचीच वाट बघतोय.’

‘कशाची?’

‘तू ओरडायची. मला वाटलं, पन्नास खण अडले की ओरडशील. नाही ओरडलीस. म्हटलं, शंभरला नक्की. तर तू आपली मासे धरून खण वाढवतेयस! मी भरतोय, तू वाढवतेयस. शेवटी आणायला कचरा मिळेना मला, ताई. त्या किल्ल्यांसाठी खेळातल्या जुन्या बाजारात दोन-दोन तास उभा असायचो. लोक हसायचे.’

‘अरे गाढवा, मग फोन करायचा!’

‘तू करायचा होतास.’

धाकट्याच्या मागे कुठेतरी लिफ्टचं दार उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज आला. मग त्याने वेगळ्याच, लहान आवाजात विचारलं, ‘ताई, आईचं काहीच नाही का उरलं?’

ताईंना वाटलं, काहीतरी असावं. एखादं बटण, एखादा रुमाल, कपाटामागे पडलेलं. पण तसं काही नव्हतं, आणि स्टोअरच्या प्रश्नाला त्यांनी आयुष्यात खोटं उत्तर दिलं नव्हतं.

‘नाही,’ त्या म्हणाल्या. ‘काही नाही. चौथ्या दिवशी सगळं काढलं. तुला विचारलं नाही. चुकलं माझं.’



‘विचारलं असतंस तर मी “काढ”च म्हणालो असतो बहुतेक,’ धाकटा म्हणाला. ‘काय करणार होतो मी तिच्या कपड्यांचं? पण एकदा बघायचं होतं गं.’

‘हो रे,’ ताई म्हणाल्या.

‘वाच यादी,’ तो म्हणाला.

‘सगळी?’

‘सगळी. सुट्टी टाकलीय मी आज.’

‘मग लिफ्टचा आवाज कसला येतोय?’

‘घरी जिन्यात उभा आहे. घरात मुलं गोंगाट करतात. वाच.’

ताईंनी वही मांडीवर घेतली. ‘एक. विझका कंदील.’

‘काढ.’

ताईंनी काढला, पुढे टिकमार्क केला. ‘दोन. तुटकं वल्हं.’

‘काढ.’

प्रत्येक ओळीचं उत्तर तेच येणार हे कळत असूनही त्या प्रत्येक ओळीला थांबत होत्या, आणि तोही प्रत्येक ओळीला सांगत होता. मधेच कप्तानांचा निरोप आला, ‘ताई, साडेपाच!’ ताईंनी त्यांना उत्तर लिहिलं, ‘थांबा हो जरा.’ सहाला सात मिनिटं असताना शेवटची ओळ आली.

‘निळ्या दरवाजाची किल्ली. ही तू गुरुवारी टाकलेली. काढू?’

धाकटा काही बोलेना.

‘अरे, काढू का? कुलूप लागेल कोठाराला.’

‘ती ठेव.’

‘कुठे ठेवू? कोठारात चालत नाही आता.’

‘तुझ्या पिशवीत ठेव.’

ताईंच्या स्वतःच्या पिशवीत वीस खण होते आणि त्यांत आजवर कामाच्या वस्तूखेरीज काही गेलं नव्हतं. त्यांनी किल्ली उचलली आणि पिशवीत पहिल्या खणात टाकली. मग वहीत त्या ओळीपुढे, शेऱ्याच्या रकान्यात, नीट अक्षरात लिहिलं: ‘धाकट्याला विचारून ठेवली.’