न हसणारा हौशीराम

कामशेतजवळच्या रेल्वेमार्गावर हौशीराम अठरा वर्षं गँगमन होता. घर वडिवळ्याला. रुळांखालच्या आडव्या लाकडी स्लीपरखाली पहारीनं खडी ठोकून बसवायचं काम कमरेचा काटा ढिला करणारं, पण टोळीत हसण्याचा आवाज यायचा तो त्याचाच. घरीसुद्धा तसंच. बायको झुंबरबाई वाढायला बसली की तो काहीतरी खोडी काढायचा आणि स्वतःच आधी हसायचा.

एकोणीसशे एकतीस साली त्याच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांवर आपोआप फिरायला लागला. बघणाऱ्याला वाटे, तंबाखू मळतोय. मुकादमानं तर एकदा चिमूटभर मागितलीही. हात रिकामाच होता. नवल असं, की पहार उचलली की थरथर थांबायची; हात मांडीवर ठेवला की पुन्हा सुरू. मग चाल आखडली, पाठ वाकली. एकदा गाडीची शिट्टी ऐकूनही त्याला रुळांबाहेर पडायला उशीर झाला. मुकादमानं हौशीरामला समजावून घरी पाठवलं.

हाताचं झुंबरबाईनं मनाला लावून घेतलं नाही. तिला लागलं ते त्याचं तोंड. गरम भाकरी पुढं ठेवली तरी तो भिंतीकडं बघावं तसा बघायचा. ती एकदा पंधरा दिवस आजारी आईकडं राहिली होती, त्याचाच राग धरला असेल असं तिनं ठरवलं. माफी मागून झाली. एकदा चुलीपुढं ती रडली, तेव्हा तो समोर उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावरची एक सुरकुतीही हलली नाही. त्यानंतर जेवताना दोघं बोलेनाशी झाली.

देवऋष्याचा अंगारा लावून वर्ष गेलं. शेवटी पस्तीस साली ती त्याला रेल्वेनं तळेगावच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी त्याला मूठ उघडझाप करायला लावली. कोपरातून हात वाकवून पाहिला, तर तो दातेरी चाकासारखा अडखळत, दात्यादात्यानं वाकत होता. मग त्यांनी झुंबरबाईला विचारलं, तुम्हाला काय वाटतं?

"माझ्यावर रागावल्यात," ती म्हणाली. "चार वर्सं झाली, हसलं न्हाईत."

डॉक्टरांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. हा राग नाही, आजार आहे; मेंदूच्या बुडाशी काळसर रंगाचा एक लहानसा पट्टा असतो, असं त्यांनी सांगितलं. हाच आजार असलेली माणसं वारल्यावर युरोपातल्या काही डॉक्टरांनी त्यांचे मेंदू तपासले, तेव्हा तो पट्टा फिका पडलेला दिसला. तिथल्या पेशी मेल्या होत्या. त्या का मरतात ते कुणालाच कळलेलं नव्हतं, आणि आजाराचं मूळ तिथंच आहे हेही सगळ्यांना मान्य नव्हतं. पण तळेगावच्या या डॉक्टरांना स्वतःला ते पटत होतं. चालताना हात हलणं, पापणी लवणं, हसू फुटणं ही कामं आपण ठरवून करत नाही. ती आपसूक होण्यासाठी तो पट्टा लागत असावा.

"म्हंजी हसू येतं, पर तोंडापातूर पोचत न्हाई?" तिनं विचारलं.

"तसंच. आतला माणूस बदललेला नाही."

झुंबरबाई नवऱ्याकडं वळली. त्याचे ओठ हलायला वेळ लागला आणि आवाज अगदी बारीक आला.

"लय येळा हसलो गं," तो म्हणाला.

तिनं पदर तोंडाला लावला.

डॉक्टरांनी थेंबांची बाटली दिली. यानं अंगाचा ताठरपणा थोडा उतरेल, घशाला कोरड पडेल, पण आजार जाणार नाही, हे त्यांनी लपवलं नाही. परतीच्या वाटेवर हौशीराम सपाट रस्त्यावर पाय चिकटल्यासारखा उभा राहिला. रूळ ओलांडायची वेळ आली तेव्हा मात्र त्यानं समोरचा स्लीपर बघून पाय उचलला आणि पलीकडं गेला. झुंबरबाईनं ते पाहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिनं अंगणात पावलापावलाच्या अंतरावर बांबूच्या कामट्या आडव्या टाकल्या. एकेक कामटी ओलांडत तो उंबऱ्यापासून गोठ्यापर्यंत एकटा जाऊन आला.

जेवताना ती पुन्हा बोलायला लागली. गावातली भांडणं, शेळीचे उद्योग, सगळं. मधेच विचारायची, "हसलात न्हवं?" तो तिचं मनगट दाबायचा.

अशी सात वर्षं गेली. शेवटची दोन तो अंथरुणावरच होता. ती त्याला कूस बदलून द्यायची, पेज भरवायची. बेचाळीस साली छाती भरून तो गेला.

महिन्यानं उरलेली बाटली घेऊन ती तळेगावला गेली. कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून. डॉक्टरांनी तिला बसवून घेतलं आणि त्याचं कसं कसं होत गेलं ते विचारलं. झोपेत हात थांबायचा, कुणी घाई केली की थरथर वाढायची, कामट्या उचलल्या की पाय पुन्हा अडायचे, असं आठवेल तसं ती सांगत गेली. डॉक्टर लिहून घेत होते. दोन पानं भरली तरी त्यांचं विचारणं संपेना. मग शेळीची धार काढायची राहिलीय म्हणून तीच उठली.